लॅपटॉपला जोडला की चालतो, काढला की बंद : मानेवाड्यातल्या एका पहिल्या रोबोटचं प्रकरण

नववीतली एक मुलगी आणि तंत्रनिकेतनच्या पहिल्या वर्षाला असलेला तिचा मावसभाऊ, या दोघांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत काळ्या पट्टीवरून चालणारा दोन मोटारींचा रोबोट बांधायला घेतला. सामान बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून आलं, जोडणी व्हिडिओ बघून झाली आणि रोबोट काही चालेना. मी नागपूरच्या मानेवाड्यात इन्व्हर्टर आणि कंट्रोल पॅनलचे बोर्ड दुरुस्त करतो. वस्तीतली पोरं अडली की वस्तू घेऊन माझ्या टेबलाशी येतात, तशी हीही आली. हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण दोष अगदी साधा होता आणि तो दाखवणारं अवजार त्यांनी सगळ्यात शेवटी विकत घेतलं होतं. मल्टीमीटर (व्होल्ट, करंट, रोध मोजणारा मीटर) आधी घ्या, बाकीचं नंतर, हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. ते का सांगतो, हे या एका रोबोटवरून नीट कळतं.

सामान आणि तक्रार

ॲक्रिलिकची चेसिस, दोन पिवळ्या बीओ मोटारी (गिअर असलेल्या छोट्या मोटारी), पुढे कुठेही वळणारं कॅस्टर चाक, प्रोग्राम चालवणारा अर्डुइनो उनोसारखा स्वस्तातला बोर्ड, त्याच्या हुकुमावर मोटारींना वीज देणारा एल२९८एन मोटर ड्रायव्हर, काळं-पांढरं ओळखणारे दोन आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर, सोल्डरिंगशिवाय तारा जोडायचा ब्रेडबोर्ड, जंपर वायरींचा जुडगा आणि चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी, असं सामान होतं. बॅटरीच्या तारा ड्रायव्हरच्या ‘१२ व्होल्ट’ लिहिलेल्या आणि ग्राउंड (ऋण टोक) या स्क्रूंमध्ये कसलेल्या. ड्रायव्हरवरच ५ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्ट ५ वर स्थिर ठेवणारा भाग) असतो, त्याच्या स्क्रूतून एक तार ब्रेडबोर्डमार्गे उनोच्या ५ व्होल्ट पिनेला. नवशिक्यांच्या बहुतेक आकृत्यांत अशीच जोडणी दाखवतात आणि ती चुकीची नाही.

“काका, लॅपटॉपले जोडला की बराबर चालते, काढला की दोन झटके देते अन् बंद पडते,” मुलीने सांगितलं.

या एका वाक्यात अर्धं निदान होतं. माझ्याकडे येणारी मोठी माणसंसुद्धा ‘चालत नाही’ एवढंच सांगतात. कधी चालतं आणि कधी नाही हे तिने स्वतःहून पाहून ठेवलं होतं, ही सवय फार मोलाची आहे.

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी काय काय केलं होतं, तेही लिहायला हवं. प्रोग्राम पुन्हा पुन्हा चढवला. दुकानात विचारलं, तिथे उत्तर मिळालं, “बोर्ड गेला असन.” मग दुसरा बोर्ड आणला, रोबोट तसाच. सेन्सर बदलले, तसाच. नवी ९ व्होल्टची बॅटरी लावली तेव्हा थोडा वेळ चालला, मग पुन्हा झटके. दुसऱ्या बोर्डाला जेवढे पैसे गेले तेवढ्यात साधे दोन मीटर आले असते. मीटर अखेर आणला, तो पिवळा डीटी-८३०डी. पण त्यावर बॅटरी ८.९ व्होल्ट दिसली, म्हणून बॅटरी चांगली आहे असं दोघांनी ठरवून टाकलं आणि संशय परत प्रोग्रामवर गेला.

मोजणी

आधी रोबोट उलट्या वाटीवर ठेवला, म्हणजे चाकं हवेत राहतात आणि तो टेबलावरून पळत नाही. बॅटरी लावली. मोटारींनी झटका दिला, उनोवरचा ‘एल’ असं लिहिलेला छोटा दिवा भराभर लुकलुकला, क्षणभर शांतता, पुन्हा झटका, पुन्हा लुकलुक. उनो नव्याने सुरू होताना बूटलोडर (त्याच्यातला सुरुवातीचा छोटा प्रोग्राम) तो दिवा लुकलुकवतो. म्हणजे प्रोग्राम कुठे अडकत नव्हता, तर बोर्ड दर वेळी पहिल्यापासून सुरू होत होता. आणि यूएसबीवर असताना हे होत नसेल, तर बॅटरीवर असताना बोर्डाला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत हा पहिला संशय.

संशय तपासायचा तर मोटारी सलग चालू राहायला हव्यात, आणि इथे तर बोर्डच मरत होता. म्हणून बोर्डाच्या आणि मोटारींच्या विजेच्या वाटा वेगळ्या केल्या. ड्रायव्हरकडून उनोला येणारी ५ व्होल्टची तार काढली, उनोला यूएसबी दिली, ग्राउंडची तार मात्र तशीच ठेवली. ग्राउंड सामाईक नसेल तर उनोच्या सिग्नलला ड्रायव्हरच्या लेखी काही अर्थच उरत नाही. (ती ५ व्होल्टची तार एरवीही प्रोग्राम चढवताना काढूनच ठेवावी. यूएसबी आणि रेग्युलेटर अशा दोन्हीकडून एकाच पिनेवर ५ व्होल्ट ढकलू नयेत.)

आता मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवून टोकं थेट बॅटरीवर धरली. मोटारी बंद असताना ८.९. मोटारी चालू, चाकं हवेत, तर ५.०. मग मुलीला दोन्ही चाकं बोटांनी क्षणभर धरायला सांगितली. आकडा ३.४ वर आला.

तिचा भाऊ म्हणाला, “पण बॅटरी तर नऊची आहे ना जी?”

आहे, पण कोणी काही मागत नाही तोवरच. चाक धरायला सांगण्यामागेही कारण होतं. थांबलेली मोटर सुरू होतानाच सगळ्यात जास्त करंट ओढते, कारण फिरायला लागल्यावर ती स्वतः उलट व्होल्ट तयार करते आणि मग करंट उतरतो. हा सुरुवातीचा झटका इतका थोडा वेळ टिकतो की स्वस्त मीटरला तो दिसतच नाही, त्याचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो. चाक धरलं की तीच स्थिती मीटरला वाचता येईल इतकी लांबते. एक-दोन सेकंदांवर धरू नये, मोटर आणि ड्रायव्हर दोन्ही तापतात.

पुढची मोजणी करंटची. चाकं हवेत असताना दोन्ही मोटारी मिळून ०.३ अँपिअर. इथे थोडं थांबून मीटरच्या खाचांबद्दल बोलावं लागलं, कारण आदल्या दिवशी मुलाने करंट मोजून लाल टोक १० अँपिअरच्या खाचेतच ठेवलं होतं आणि तसंच बॅटरीला लावून ठिणगी पाडली होती. करंटच्या खाचेत मीटर म्हणजे जवळपास सरळ तार. बॅटरीच्या दोन टोकांना ती लावली की थेट शॉर्ट. या स्वस्त मीटरांत १० अँपिअरच्या वाटेला फ्यूजही नसतो. बॅटरी अशक्त होती म्हणून ठिणगीवर भागलं, लिथियम सेल असता तर टोकं वितळली असती. करंट मोजून झाला की मीटर खाली ठेवण्याआधी लाल टोक व्होल्टच्या खाचेत परत, हा नियम दोघांकडून तोंडी म्हणवून घेतला.

बॅटरीच्या आत काय चाललं होतं

८.९ मधून ५.० वजा केले की ३.९ उरतात. त्याला ०.३ ने भागलं की १३. म्हणजे बॅटरीच्या पोटातच साधारण १३ ओहमचा रोध बसलेला होता. हे गणित मुलीने वहीत स्वतः केलं आणि त्यानंतर तिला माझ्या स्पष्टीकरणाची फारशी गरज उरली नाही. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीत दीड-दीड व्होल्टचे सहा लहानसे सेल एकावर एक रचलेले असतात. धुराचा अलार्म, मल्टीमीटर, अशा चिमूटभर करंटवर चालणाऱ्या वस्तूंसाठी ती बनवलेली आहे. मोटर ओढायला लागली की व्होल्ट तिच्या आतच खर्ची पडतात. घरात पाण्याचा टिल्लू पंप सुरू केला की लांब वायरीतच व्होल्ट खर्ची पडून बल्ब मंद होतो, तसंच हे, फक्त इथे ती लांब वायर जणू बॅटरीच्या आत आहे.

आता ड्रायव्हरवरच्या रेग्युलेटरकडे पाहू. तो ७८एम०५ जातीचा, ५ व्होल्ट द्यायचे तर त्याला वरून साधारण ७ व्होल्ट लागतात. बॅटरीच ५ वर आली तर तो उनोला तीन-सव्वातीन देणार, आणि ३.४ वर आली तर दोनच्या आतबाहेर. उनोवरची एटीमेगा३२८पी चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते, त्या वेगाला तिला साधारण ३.८ व्होल्ट तरी हवेत. आणि २.७ च्या खाली गेल्यावर चिप स्वतःला रीसेट करून घेते, तशी सोय तिच्यात मुद्दाम केलेली असते, म्हणजे अर्धवट व्होल्टवर ती भलतंसलतं करत नाही. रीसेट झाला की पिना सुटतात, मोटारी थांबतात. मोटारी थांबल्या की बॅटरी पुन्हा नऊकडे चढते. बोर्ड सुरू होतो, मोटारींना हुकूम देतो, आणि परत तेच. प्रोग्राम, बोर्ड, सेन्सर, सगळे आपापलं काम चोख करत होते.

एक गोष्ट मी इथे ठासून सांगतो. काहीही चालवत नसलेल्या बॅटरीवर टोकं लावून चांगला आकडा दिसला म्हणून बॅटरी चांगली असं सिद्ध होत नाही. काम चालू असताना मोजा, तेही थेट त्या वस्तूच्या पायावर जिला वीज हवी आहे. या दोघांकडे मीटर होता, आकडाही खरा होता, फक्त मोजण्याची वेळ चुकली होती.

दुसरा दोष : उजव्या मोटारीचा जोड

वीजपुरवठ्याचं कळल्यावर बरेच जण इथेच थांबतात. पण चाकं हवेत असतानाही उजवं चाक मध्येच अडखळत होतं. मोटारीच्या मागच्या पातळ तांब्याच्या पट्टीला तार पिळून वरून सेलोटेप लावलेली होती. मोटर ड्रायव्हरपासून सोडवली, मीटर २०० ओहमच्या रेंजवर घेतला आणि आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावली. ०.४ दिसलं, ही मीटरच्या वायरींचीच भर. मग एक टोक पट्टीवर, दुसरं तारेच्या शेवटावर. तार हलवली की आकडा ३, ११, २ असा नाचायचा. चांगला जोड हलवला तरी आकडा तसूभर हलत नाही.

सोल्डरिंगची मुलीच्या आईला धास्ती होती आणि ती मला रास्त वाटते. सोल्डरिंग आयर्नचं टोक ३०० अंशांच्या वर असतं, स्टँडशिवाय ती वस्तू घरात आणूच नये. पण हा जोड तिनेच करायचा असं मी ठरवलं होतं. आयर्न २५ वॅटची, सोल्डरची तार ६०-४० ची, म्हणजे कथील आणि शिशाची, १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागणारी, आणि पोटात राळेचा फ्लक्स (जोडाची जागा साफ करणारा) असलेली.

पट्टी आधी बारीक पॉलिश पेपरने घासली. टोक ओल्या स्पंजवर पुसून त्यावर थेंबभर कथील चढवलं. तिने पहिल्यांदा सगळे करतात तेच केलं, कथील टोकावर वितळवून जोडावर टेकवायला गेली. कथलाची गोळी झाली आणि पट्टीवरून घरंगळली. मग टोक पट्टीलाच लावून ठेवलं, मनात दोन आकडे मोजले आणि कथलाची तार टोकाला न लावता पट्टीच्या दुसऱ्या बाजूला टेकवली. पट्टी पुरेशी तापलेली होती, कथील आपोआप पसरलं, तारेच्या केसांमध्ये शिरलं आणि चकचकीत झालं. आधी कथलाची तार दूर, मग आयर्न दूर, आणि गार होईपर्यंत वायर हलवायची नाही. हे सगळं तीन सेकंदांत आटपावं लागतं, कारण पट्टीच्या मागे प्लास्टिक आहे आणि ते वितळलं की पट्टी डुगडुगते. तिचा जोड डावीकडच्यापेक्षा सरस झाला, मग डावाही उघडून नव्याने केला. पुन्हा मोजलं, वायर ओढून हलवून पाहिली, ०.४ ते ०.४.

वायर मोटारीच्या अंगाला प्लास्टिक टायने बांधली, नाहीतर ओढ थेट पट्टीवर येते आणि बीओ मोटारीची पट्टी तुटली की मोटर गेली. काम झाल्यावर दोघांना साबणाने हात धुवायला लावले. शिसं धुरातून येत नाही, धूर राळेचा असतो. शिसं बोटांना लागतं आणि बोटं तोंडात जातात.

कोणती बॅटरी लावायची

इथे मुलाचं आणि माझं मत वेगळं पडलं. त्याला १८६५० चे दोन लिथियम सेल हवे होते. दोन मिळून ७.४ व्होल्ट, करंट भरपूर, सगळ्या व्हिडिओंत तेच. तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर होतं. तरी मी नाही म्हटलं आणि कारणं सांगितली. तो जे सेल आणणार होता त्यांच्या वेष्टनावर ९८०० एमएएच छापलं होतं, आणि या मापाच्या उत्तमातल्या उत्तम सेलची क्षमता साधारण ३५०० असते. ज्याच्या अंगावरचा आकडाच खोटा, त्याच्या सुरक्षेवर विश्वास कसा ठेवायचा? दुसरं, टीपी४०५६ चा जो छोटा चार्जर सगळे वापरतात तो एका वेळी एकच सेल भरतो, सिरीजमधल्या, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या दोन सेलना तो लावायचा नसतो. तिसरं कारण नागपूरचं. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं सेल बनवणारेच सांगतात. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतलं तापमान तिथवर जातं, मग पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत काय होत असेल?

म्हणून एए मापाचे निकेल मेटल हायड्राइडचे सहा सेल घेतले, सहाचा होल्डर आणि त्यांचाच चार्जर. एकाचे १.२ व्होल्ट, सहाचे ७.२. शॉर्ट झाले तर तेही तापतात, पण लिथियमसारखा भडका उडण्याची भीती नाही, आणि सहाही सेल बाहेर काढून भरता येतात. भरलेल्या सेलवर मोजलं तर मोटारी बंद असताना ८.०, चाकं हवेत असताना ७.७, दोन्ही चाकं धरल्यावर ७.२. त्या क्षणी करंट १.५ अँपिअर होता, आणि उनोच्या ५ व्होल्ट पिनेवर आकडा ५.० वरून ढळला नाही. एल२९८एन स्वतः दीड-दोन व्होल्ट खातो, ती जुन्या पद्धतीची चिप आहे. मोटारींना उरतात ते पाच-साडेपाच, आणि बीओ मोटारींना तेवढे पुरेसे आहेत.

मोटारींची वाट ब्रेडबोर्डवरून पूर्ण काढली. ब्रेडबोर्डच्या पट्ट्या आणि स्वस्त जंपर वायरी सिग्नलसाठी ठीक, एक-दीड अँपिअर त्यांच्यातून नेऊ नये. त्या जागी जाड बहुतारी वायर घेऊन थेट स्क्रूत कसली. ड्रायव्हरच्या बॅटरी-स्क्रूंवर ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटका सोसणारा) लावला, पांढऱ्या पट्ट्याचा पाय ग्राउंडला. उलटा लावला तर तो फुगून फुटतो, म्हणून मुलाने लावला आणि मुलीने तपासला. प्रत्येक मोटारीच्या दोन पट्ट्यांमध्ये ‘१०४’ छापलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, मोटारीच्या आतल्या ब्रशच्या ठिणग्यांचा विजेतला गोंगाट तिथल्या तिथे जिरवायला. याला उलटसुलट नसतं.

घरात चालला, गॅलरीत भरकटला

बैठकीत रोबोट पट्टीवरून नीट फिरला. दुपारी गॅलरीत नेला तर सरळ भिंतीकडे निघाला. हा दोष विजेचा नव्हता. सेन्सर इन्फ्रारेड उजेड टाकतो आणि परत आलेला मोजतो. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो, सेन्सरला सगळीकडे पांढरंच दिसतं. टाकणारा एलईडी चालू आहे का, हे मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्यातून बघितलं, तिथे तो बहुधा जांभळट दिसतो. मग सेन्सरभोवती काळ्या जाड कागदाची झालर लावली, तिची कड जमिनीपासून जेमतेम वर. सेन्सरवरचा निळा प्रीसेट (संवेदनशीलता कमी-जास्त करायचा स्क्रू) पट्टीवर आणि पट्टीबाहेर असे दोन्हीकडे दिवे पाहत पुन्हा लावला. घरची हिरवट कोटा फरशी स्वतःच बऱ्यापैकी इन्फ्रारेड गिळते, म्हणून जुन्या फ्लेक्स बॅनरची पांढरी पाठ अंथरून त्यावर काळी टेप चिकटवली. गॅलरीत सावलीच्या बाजूला आता चालतो. थेट उन्हात अजूनही नाही, आणि या सेन्सरकडून ती अपेक्षाही नाही.

पुढच्यांसाठी खरेदीचा क्रम

कोणी विचारलं तर मी असा क्रम सांगतो. आधी बझर असलेला मल्टीमीटर, डीटी-८३०डी पुरे. मग वायर कटर-स्ट्रिपर, बारीक स्क्रू ड्रायव्हर, स्टँडसकट २५ वॅटची आयर्न, कथील, वितळलेलं कथील ओढून काढणारा डिसोल्डर पंप. मग मोटारींना झेपेल अशी बॅटरी आणि तिचा चार्जर. बोर्ड, ड्रायव्हर आणि सेन्सर त्यानंतर. दुकानातले तयार किट बहुधा याच्या बरोबर उलटे असतात, सेन्सर पाच-सहा प्रकारचे आणि मोजायला काहीच नाही. किट घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण त्यातली ९ व्होल्टची बॅटरी मीटरमध्ये घाला आणि मोटारींसाठी वेगळी आणा.

रोबोटचं उजवं चाक डाव्यापेक्षा थोडं मंद आहे. दोन बीओ मोटारी सारख्या निघत नाहीत, म्हणून प्रोग्राममध्ये डाव्याला १५० आणि उजव्याला १६२ असा वेग दिला आहे. सेलचा आकडा मोटारी चालू असताना ६.६ च्या खाली दिसला की मुलगी सेल चार्जरला लावते, तशी चिठ्ठी तिने होल्डरवरच चिकटवली आहे. मुलाचा १८६५० चा हट्ट कायम आहे. थंडी पडल्यावर खात्रीचे, संरक्षण पट्टी असलेले दोन सेल आणि दोन्ही सेलसाठी वेगवेगळ्या खाचांचा चार्जर आणला, तर मी स्वतः बसून जोडून देईन, असं त्याला सांगितलं आहे.